पश्चिमेला, डोळे झाकून

आमच्या थोरल्या वहिनीला लोकांच्या दागिन्यांचं, गाड्यांचं, फ्रीजचं कधी काही वाटलं नाही. तिला हेवा वाटायचा तो खिडक्यांचा. कोणाच्या घरात ऊन कुठून येतं, कुठल्या कोपऱ्यात सरकतं, कुठे जाऊन बसतं, हे तिला त्या घरातल्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक. आणि ठाऊक असल्यामुळेच तिच्या पोटात दुखायचं.

वहिनी पडदे शिवते. गळ्यात मापाची फीत, पर्समध्ये खडू, आणि बोलावणं आलं की घरोघरी जाऊन स्टुलावर चढून खिडकीचं माप घ्यायचं, हे तिचं काम. जुना पडदा नुसता हातात घेतला तरी ती सांगते, "हा पूर्वेचा. सकाळचं ऊन कापडाला खात नाही, नुसता हात फिरवून जातं. आणि हा पश्चिमेचा. बघ, करपलाय." घरवाले तोंडात बोट घालतात. वहिनी मात्र घरी आल्यावर चप्पल अशी भिरकावते की आम्ही ओळखायचो, आज मोठ्या खिडक्यांच्या घरी गेली होती.

तेव्हा आम्ही सगळे एका गोदामामागच्या दोन खोल्यांत राहायचो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कारखान्यात लेथवर होता. मी टपाल कचेरीत खिडकीवर बसायचे. दिवसभर खिडकीत बसून पगार मिळवणारी घरात मी एकटीच, असं वहिनी टोमण्यात म्हणायची. घराला खिडकी होती, पण समोर हात लांब केला की गोदामाची भिंत लागे. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय वहिनीला सुईत दोरा ओवता यायचा नाही. "दिवसाढवळ्या दिवा लावून मी दुसऱ्यांच्या घरातलं ऊन अडवायचे पडदे शिवते," ती म्हणायची. "माझ्यासारखी वेडी शोधून सापडायची नाही." हे ती हसत म्हणायची, पण मशीनचं चाक त्यानंतर जरा जोरात फिरायचं.

त्या दोन खोल्यांत धाकटी आली, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. धाकटी दिसायला चारचौघींसारखीच. पण तिला सगळं सोपं जायचं. आडवी झाली की झोपायची. तिने टाकलेलं बी उगवायचं. शेजारणी तिच्याशी बोलायला थांबायच्या आणि वहिनीला नुसता हात करून पुढे जायच्या. त्यात नवं जोडपं म्हणून खिडकीकडची खोली त्यांना दिली गेली. खिडकी ती काय, भिंत बघायची. पण होती तेवढी एक, तीही गेली.

"तिला काय," वहिनी मला म्हणायची, "घोरायलासुद्धा तिला कष्ट पडत नाहीत."

माणसाच्या रूपाचा हेवा करणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. झोपेचा हेवा करणारी ही एकच. आणि मी तिची बाजू घ्यायचे, कारण माझीही झोप उडालेली असायची. दोघींना आज ना उद्या आपापली घरं होणार होती. मला कोण कुठलं घर देणार होतं? मी कोणाच्या तरी घरातली एक खाट होते. तेव्हा हेव्याबद्दल बोलायचं तर मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही.

गावाबाहेर, खाडीच्या वरच्या उतारावर आमच्या वडिलांनी एक जागा घेऊन ठेवली होती. वडील गेल्यावर भावांनी ती निम्मी-निम्मी वाटून घेतली आणि शेजारी शेजारी दोन घरं बांधायची ठरली. गवंडी ठरला. त्याच्या खिशातून ओळंबा कायम लोंबत असायचा, म्हणून सगळे त्यालाच ओळंबा म्हणायचे. उतारावर एका बाजूला टेकडी, तिकडून सूर्य वर यायचा. दुसऱ्या बाजूला खाडी, तिकडे मावळायचा. घराचं तोंड कुठे करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मग मी दोरी मारतो, असं सांगून ओळंबा दुसऱ्या कामावर गेला.

वहिनी त्या दिवसापासून बदललीच. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःसाठी खिडकीचं माप घ्यायचं होतं. तिने ठरवायची रीतही आपल्या धंद्यातलीच काढली. एका शाळेच्या रंगमंचाचा पडदा शिवून लाल कापड उरलं होतं. त्याचे सारखे तुकडे कापून, नीट दुमडून, शिवून, आम्ही दोघींनी ते जागेवर चार बांबूंना चार दिशांना बांधले. बांबू मी धरले, गाठी तिने मारल्या. मग उन्हाळा जाऊ दिला, पाऊस जाऊ दिला, आणि एका रविवारी बघायला गेलो.

पूर्वेचा तुकडा जरासा मऊ पडला होता, एवढंच. उत्तर-दक्षिणेचे मळले होते. पश्चिमेच्या तुकड्याची मात्र दशा बघवत नव्हती. अर्धा उन्हाने पांढरा पडलेला, अर्धा वाऱ्याने फाडून नेलेला, उरल्या होत्या त्या चिंध्या बांबूला गुंडाळलेल्या. वहिनीने पूर्वेचा तुकडा सोडवला, गालाला लावला, घडी करून पर्समध्ये ठेवला. पश्चिमेच्या चिंध्या काढून खाडीच्या बाजूला भिरकावून दिल्या.

"ठरलं," ती म्हणाली. "पूर्व. आणि कोणाला काही बोलू नकोस."

त्याच रात्री सगळे जेवायला बसलेले असताना धाकटीने विचारलं, "जाऊबाई, तुम्हाला उन्हातलं कळतं. आमच्या घराचं तोंड कुठे करू?"

वहिनीने आमटीचा डाव खाली ठेवला. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला समोरच्या ताटाइतकं स्पष्ट दिसत होतं. दोन घरं पूर्वेकडे तोंड करून शेजारी शेजारी उभी राहायला काही अडचण नव्हती. ऊन काही वाटून कमी होत नाही. पण आपल्याला चांगलं मिळावं एवढ्याने वहिनीचं भागणार नव्हतं. धाकटीला ते मिळू नये, हेही तिला हवं होतं.

"पश्चिमेला," वहिनी म्हणाली. "डोळे झाकून पश्चिमेला कर. खाडीचा वारा येतो, ऊन संध्याकाळपर्यंत पुरतं. मी तर म्हणते, त्या जागेवर दुसरी दिशाच नाही."

माझा घास हातातच राहिला. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याचा पेला उचलला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही. दादाने मान डोलावली. लेथच्या आवाजाने त्याचे कान निम्मे गेलेले, तो घरात कशालाही मान डोलावतो.

"हो का?" धाकटी म्हणाली. "बरं झालं विचारलं."

पुढच्या आठवड्यात धाकट्याने जागेवर दोरी मारून घेतली. आम्ही बघायला गेलो तर दाराच्या खुंट्या टेकडीकडे. पूर्वेला! वहिनी त्या खुंट्यांकडे बघत राहिली. धाकटी पदर खोचून शेजारीच उभी होती, चेहऱ्यावर काही नाही.

"आणि तुमचं, बाई?" ओळंब्याने दोरीचं रीळ हातात घेऊन वहिनीला विचारलं.

आता करते काय? चारचौघांत छातीठोक सांगून झालं होतं की पश्चिमेशिवाय दिशाच नाही. पूर्व म्हणावं, तर धाकटीला काय सांगितलं होतं आणि का सांगितलं होतं, ते तिथल्या तिथे उघडं पडणार. दुसऱ्यासाठी खणलेला खड्डा म्हणतात, तो वहिनीच्या पुढ्यात होता आणि त्यावर घर बांधायचं होतं.

"पश्चिमेला," वहिनी म्हणाली. "मी आधीच सांगितलंय."

ओळंबा म्हणाला, "बाई, वादळ तिकडून येतं. पाण्यावरून सरळ. तोंडावर घ्याल."

"वादळ वर्षातून चारदा येतं रे. बाकीचे दिवस मी काय करू?"

"बाकीचे दिवस ऊन येतं. दुपारचं."

"तू दोरी मार," वहिनी म्हणाली.

घरं झाली. जागा जरा तिरकी असल्यामुळे वहिनीचं घर खाडीकडे थोडं पुढे सरकलं, आणि धाकटीच्या स्वयंपाकघराची मागची खिडकी नेमकी वहिनीच्या पडवीवर उघडली. नवीन घराला काहीतरी द्यायला हवं म्हणून वहिनीने त्या खिडकीला पडदा शिवून दिला. शेवाळी रंगाचा, घोंगडीसारखा जाड. मी म्हटलं, "अगं, स्वयंपाकघरात अंधार होईल." वहिनी म्हणाली, "होऊ दे की. पुढून ढीगभर ऊन येतंय ना तिच्याकडे?"

आणि खरंच यायचं. वहिनीच्या मागच्या खोलीला एक अरुंद झरोका होता, त्यातून धाकटीचं अंगण दिसायचं. सकाळी आमच्याकडे फरशी गार पडलेली असायची आणि तिकडे धाकटी पायरीवर उन्हात बसून केस वाळवायची. गाद्या टाकायची, कपडे वाळत घालायची, आमचे कपडे ओले आहेत तोवर तिचे घडी होऊन कपाटात. वहिनी दात घासत झरोक्याशी उभी राहायची. एकच दात इतका वेळ घासणारी बाई मी पाहिली नाही.

"बसलीये बघ, मांजरासारखी," ती ब्रश तोंडात तसाच ठेवून म्हणायची.

खाडीकडच्या रस्त्याला लागून असलेल्या पडवीत मशीन होतं. तिथे दुपारपर्यंत उजेड नाही, आणि दुपारनंतर असा की कापड तापायचं. शेवटी वहिनीने कामाची वेळच फिरवली. दुपार कलली की ती मशीनवर बसायची आणि ऊन खाडीत बुडेपर्यंत शिवायची. जगाची घरी यायची वेळ ती हिची कामाला लागायची वेळ, म्हणून ती आणखी चिडायची. वादळ आलं की आम्ही दोघी दाराला पाठ लावून उभ्या राहायचो, दादा कपाट सरकवायचा, चिंध्यांची बोचकी उंबऱ्याशी कोंबायचो, तरी पाणी आत यायचंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दुसऱ्या दिवशी धाकटी कुंपणाशी येऊन विचारायची, "जाऊबाई, फार लागलं का हो वारं?"

"छे! उलट मोकळं वाटलं," वहिनी म्हणायची. "घर कसं धुऊन निघालं." पडलो तरी नाक वर. पाठीमागे मी ओल्या गोधड्या पिळत असायचे.

अशी वर्षं गेली. मी निवृत्त झाले, दादा झाला. वहिनीचे केस पिकले. हेवा मात्र तसाच काळाभोर राहिला.

गेल्या वर्षी एका दुपारी जे वादळ आलं, त्याला चिंध्यांची बोचकी पुरली नाहीत. आधी पडवीचे पत्रे उडाले. मग दार बिजागरीसकट आत आलं आणि मशीनवर आदळलं. आम्ही तिघं आतल्या खोलीत शिरलो, तिथली भिंतही थरथरायला लागली तशी धाकटा आणि धाकटी भिजत धावत आले आणि आम्हाला ओढत आपल्या घरी घेऊन गेले. वहिनीने जाताना फक्त फीत उचलली. धाकटीचं घर वादळाकडे पाठ करून निवांत उभं होतं. आत गेल्यावर दिवा लावला तर बंद पंख्याचं पातंसुद्धा हलत नव्हतं. वहिनीने ते बघितलं आणि ओठ आवळले.

तिथे आम्ही काही दिवस राहिलो. पहिल्याच सकाळी मला जाग आली तर वहिनी पुढच्या खोलीत अंथरुणावर उठून बसलेली. दारातून ऊन आत आलं होतं, तिच्या मांडीवर, हातांवर, पांघरुणाच्या दुमडीवर. ती हात उलटे-सुलटे करून बघत होती. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, पोहोचली बिचारी.

"वन्सं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "धाकटी इतकी वर्षं रोज अशी उठतेय." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं नव्हतं, मी खात्रीने सांगते. जळफळाट होता तो, चांगला जुना मुरलेला.

पण दुपार झाली तसं ते घर उतरत गेलं. अंगणातलं ऊन सरलं. चहाच्या वेळेला धाकटीने खोलीत दिवा लावला. वहिनीने आढ्याकडे बघितलं, मग दाराबाहेर बघितलं. बाहेर अजून लख्ख होतं.

"एवढ्यात दिवा?" तिने विचारलं.

"आमच्याकडे एवढ्यातच लागतो," धाकटी म्हणाली, आणि चहाची भांडी घेऊन आत गेली.

वहिनी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेली, मी वहिनीच्या मागे. खिडकीला तो शेवाळी पडदा अजून होता. वहिनीने सवयीने तो हातात घेतला. जाड कापड, उन्हाने विटलेलं, पण अजून शाबूत, कुठे टाका उसवलेला नाही. फक्त एका कडेला, बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर, वीणच्या वीण गेली होती. तिथे कापड झिजून जाळी झालेली, आणि भोवती हाताच्या मळाचा काळपट, तेलकट डाग. वहिनीने तिथे आपला हात ठेवून पाहिला. बरोबर मुठीएवढी जागा होती. तिने कड धरून पडदा बाजूला केला. समोर तिचीच पडवी, उडालेले पत्रे, पालथं पडलेलं मशीन, आणि त्या सगळ्यावर संध्याकाळचं पिवळं ऊन.

धाकटीने पाहिलं. ती लाजली की चिडली ते कळेना. कप विसळत राहिली.

"काय बघायचीस?" वहिनीने विचारलं.

"काय बघणार? तुम्हालाच." नळ बंद करून धाकटी म्हणाली, "माझ्याकडे दिवा लागायचा आणि तुमच्याकडे तेव्हा कुठे दिवस वर यायचा. मशीन चालू, कापडं पसरलेली, कामावरून येणारी माणसं माप द्यायला, पडदा न्यायला थांबायची, कोणी बसायचं, कोणी हसायचं. सगळा रस्ता तुमच्या पडवीत. सकाळी माझ्याकडे ऊन येतं हो, पण सकाळी कोणाकडे कोण येतं? उन्हात मी एकटी. भाजी चिरता चिरता मी इथे येऊन उभी राहायची. एकदा तर भाजी लागली, यांनी विचारलं, नाक गेलं का तुझं?"

वहिनी पडदा तसाच धरून पडवीकडे बघत होती.

"आणि मला जास्त कशाचं लागायचं, सांगू?" धाकटीने हात पदराला पुसले. "तुम्ही मला सांगितलं होतंत. पश्चिमेला, डोळे झाकून. मी घरात जाऊन यांना म्हटलं, ही बाई माझं भलं सांगेल होय? ती म्हणते त्याच्या उलट करा. आणि तुम्ही तर स्वतःचंच घर तिकडे केलंत! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बाईने खरं सांगितलं, आपणच मनाच्या काळ्या. इतकी वर्षं त्या खिडकीत उभी राहून मी स्वतःलाच बोल लावते."

मी वहिनीकडे बघितलं. वहिनीने माझ्याकडे बघितलं. जेवणाच्या पंगतीतली तीच नजर. फरक एवढाच की या वेळी माझ्या हातात पाण्याचा पेला नव्हता.

"असू दे," वहिनी म्हणाली. "मी तरी कुठे मोठी धुतल्या..." आणि तिथेच थांबली. पडद्याची झिजलेली कड तिने दोन बोटांत धरली, सोडली, पुन्हा धरली. झाकली मूठ उघडते की काय म्हणून माझा जीव वरखाली होत होता. ती म्हणाली, "कप दे, पुसते."

आठवड्याने ओळंबा आला. तोही म्हातारा झालाय, पण खिशातून ओळंबा लोंबतोच. पडवी पाडायचीच होती, पुढची भिंतही. दादाने आयुष्यात पहिल्यांदा कोणी न विचारता मत दिलं. "आता दार पूर्वेला घ्या. टेकडीकडे. हिला हवंच होतं ते. मला माहीत आहे." म्हणजे कान निम्मे गेलेल्या माणसालाही ते माहीत होतं.

ओळंबा म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं. आता घेऊ. वादळाला पाठ मिळेल."

धाकटी कुंपणापलीकडे उभी होती. वहिनीने टेकडीकडे पाहिलं. सकाळची वेळ होती आणि ऊन धाकटीच्या पायरीवर नुकतं उतरलं होतं. मांडीवर ते घेऊन बसलेली वहिनी मी पाहिली होती, त्यामुळे मला वाटलं, आता ती हो म्हणेल. म्हातारपण आहे, गुडघे दुखतात, ऊन हवंय, हरली तरी चालेल. एका शब्दाचा प्रश्न होता. मग तिने कुंपणाकडे पाहिलं.

"दार आहे तिथेच राहील," वहिनी म्हणाली. "पश्चिमेला. पडवी मात्र पक्की बांध, आणि खाडीच्या अंगाला एक आडभिंत घे. मशीन दिसेल एवढी ठेव पण."

"कोणाला दिसेल?" ओळंब्याने विचारलं.

"तू भिंत बांध," वहिनी म्हणाली.

माझा इतका संताप झाला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. पण वादळात दाराला पाठ लावून उभं तर मलाही राहावं लागणार होतं ना!

मशीन दुरुस्त होऊन आलं, तेव्हा वहिनीने सगळ्यात आधी गिऱ्हाइकांचं नाही, धाकटीचं काम हातात घेतलं. शेवाळी पडदा उतरवून आणला होता. त्याच्या जागी नवीन शिवायला घेतला. मी बघितलं तर पांढरं, तलम, आरपार दिसणारं कापड. मी अबोला विसरून म्हटलं, "अगं, हा काय पडदा झाला? यातून सगळं दिसेल."

"दिसू दे की," वहिनी म्हणाली. "कड धरून धरून हात दुखत असतील तिचे."

आता पडदा लागलाय. तो हलत नाही, त्यामुळे मागे कोणी उभं आहे की नाही ते आम्हाला कळत नाही. पण दुपार कलली, ऊन पडवीत आलं की वहिनी मशीनवर बसायच्या आधी आत जाते, आरशात बघून केस नीट करते, आणि मगच बाहेर येऊन दोरा ओवते.